दुधाच्या खाड्याशेजारी

माझ्या वडिलांना पुण्यातली झाडं तारांमुळे ठाऊक झाली. ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तेव्हा फोनच्या तारा खांबांवरून जायच्या, आणि तारा म्हटल्या की फांद्या आल्याच. ‘फोनवर खरखर येतेय’ अशी तक्रार आली की बाबा खांद्यावर शिडी अडकवून सायकलवरून निघायचे. बरेचदा खरखरीच्या मुळाशी एखादी फांदीच निघायची. त्यामुळे कुठल्या रस्त्याला कोणतं झाड, ते पानं कधी गाळतं, कोणाचं लाकूड ठिसूळ, कोणाच्या खोडाला काटे, हे सगळं त्यांना पाठ. घराचे नंबर विसरतील, झाड विसरणार नाहीत.

पांगाऱ्याला शिडी टेकवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. लाकूड मऊ, वजनाला हलकं, वर काटे. सावंतवाडीची खेळणी पूर्वापार पांगाऱ्याच्या लाकडाची करत आले आहेत. “बाहुलीला ठीक आहे ते लाकूड, साठ किलोच्या माणसाला नाही,” असं बाबा म्हणत. दुसरा नियम खात्याच्या पुस्तकात नव्हता. फुललेली फांदी त्या दिवशी तोडायची नाही. तक्रार करणाऱ्याला सांगायचं, आठ-दहा दिवस कळ काढा, फुलं झडली की येतो. कोणी ऐकायचं, कोणी साहेबांपर्यंत जायचं. मग बाबा बोलणी खाऊन यायचे आणि जेवताना आईला सांगायचे, “आज पांगारा फुटलाय. मागच्या चौकातला. अख्खा.”

आई पोळी लाटता लाटता उठायची, पिठाचा हात झटकून भिंतीवरच्या कॅलेंडरला दोरीने बांधलेली पेन्सिल घ्यायची आणि त्या तारखेच्या चौकटीत, दुधाच्या खाड्याशेजारी, लिहायची : ‘पां.’

हे असं का, हे आम्ही कधी विचारलं नाही. कॅलेंडरवर दूध लिहायचं, गॅसचा नंबर लावल्याची तारीख लिहायची, तसंच हेही.

आपल्याकडे वसंत हा तसा गैरसोयीचा ऋतू आहे. फाल्गुन-चैत्र म्हणजे परीक्षा, मार्चअखेर, पाण्याची ओरड, गच्चीवर पापड-कुरडया. दुपारी बाहेर पडलं की डोळे आपोआप बारीक होतात. फुलं बघायला सहकुटुंब निघावं असं या हवेत काहीच नसतं. पुण्यातलं मोठं पुष्पप्रदर्शन एम्प्रेस गार्डनमध्ये भरतं तेसुद्धा जानेवारीत, 26 जानेवारीच्या आगेमागे, गुलाबी थंडीत. तिथे आम्हीही जायचो. कुंड्या ओळीने मांडलेल्या, तिकीट काढायचं, भेळ खायची, परत यायचं. फुलांचे गालिचे हवे असतील तर कासचं पठार आहे, पण तो मामला पावसाळ्याच्या शेवटाचा. वसंतातली आपली फुलं जमिनीवर येतच नाहीत. ती वर असतात, वीस-तीस फुटांवर, पान नसलेल्या काळ्या-करड्या फांद्यांना लटकलेली. मान दुखेपर्यंत वर बघायला लागतं. म्हणून रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या माणसालाही विचारा, इथे सावर आहे का? तो म्हणेल, कुठे?

बाबांनी 1984 साली जुनी स्कूटर घेतली आणि आमच्या रविवार सकाळी सुरू झाल्या. मी पुढे उभी, दादा मागे बाबांना धरून. साडेसहाला निघायचं, ऊन चढायच्या आत परत. आठवडाभर कामावर फिरताना बाबांनी जे हेरून ठेवलेलं असे ते आम्हाला दाखवायचं, एवढाच कार्यक्रम. खाऊ नाही, फुगा नाही. एखाद्या अनोळखी बंगल्याच्या कुंपणाशी स्कूटर उभी करायची आणि तिघांनी वर बघायचं. आतून कोणी गृहस्थ बाहेर येऊन “काय हवंय?” म्हणाले की बाबा टेलिफोनवाल्याच्या अधिकाराने सांगायचे, “काही नाही, सावर बघतोय.” गृहस्थही मग वर बघायचे. आपल्या दारात काय आहे हे त्यातल्या निम्म्यांना तेव्हा कळत असावं.

काटेसावरीखाली उभं राहायला मला भारी आवडायचं. फूल पडायचं ते ‘धप्प’ असा आवाज करून. प्राजक्तासारखं अलगद वगैरे नाही. चांगलं तळहाताएवढं, जाडजूड, लालभडक, पाच मांसल पाकळ्या मागे वळलेल्या. पाकळी बोटांत धरली तर गुळगुळीत, थंड, ओलसर, भिजलेल्या चामड्यासारखी. मधे केसरांचा झुपका. माझ्या लेकीने गेल्या वर्षी एका फुलाचे केसर उलगडून मोजले, सत्तरीच्या घरात निघाले. बाहेरून पाच जुड्या आणि मधे एक गठ्ठा, अशी बांधणी असते. कोणीतरी बसून वळल्यासारखी. आम्ही लहानपणी मोजले नव्हते. आम्ही फूल उलटं करून भोवऱ्यासारखं फिरवायचो. पाचही पाकळ्या घट्ट असतील तर ते दोन-तीन गिरक्या घ्यायचं.

“पानं कुठे गेली याची?” असं दादाने एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, “दुकान मांडायचं तर शटर वर करायला नको का?”

पुढे शाळेत वनस्पतिशास्त्र शिकले तेव्हा कळलं, की बाबांच्या त्या एका वाक्यात बरंचसं शास्त्र होतं. सावर, पळस, पांगारा या तिघांचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः पक्षी. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळेसुद्धा. पक्ष्यांना वासाचं फारसं अप्रूप नसतं, म्हणून या फुलांना वास जवळजवळ नाही. लाल-केशरी रंग मात्र लांबून दिसतो, आणि पानं आडवी आली नाहीत तर आणखी लांबून. आत मध भरपूर, पातळ, अगदी वाटीत वाढून ठेवल्यासारखा. कोरड्या हवेत पानं गाळली की पाणीही वाचतं. आणि घाई असते ती पुढच्या कामाची. मार्चमध्ये फुललं तर एप्रिल-मेपर्यंत बोंड पिकून कापूस उडायला तयार, त्या वेळी वाराही असतो, आणि बी जमिनीला टेकेतो पाऊस तोंडावर आलेला असतो. म्हणजे ज्या हवेला आपण ‘काय हा उन्हाळा’ म्हणून शिव्या घालतो ती या झाडांच्या वेळापत्रकात अगदी मापून बसवलेली आहे.

पळसासाठी शहराबाहेर जावं लागे. आमचं गाव भोरकडचं. होळीच्या आधीच्या रविवारी बाबा एकटेच किंवा दादाला घेऊन जायचे. कापूरहोळला सातारा रस्ता सोडून भोरकडे वळलं की माळाच्या कडेने पळस दिसायला लागायचे. पळस लांबून बघावा. जवळ गेलं की खोड वाकडंतिकडं, फांद्या वेड्यावाकड्या, धड सावलीही नाही. पण कळी हातात घ्यावी अशी. पाकळ्यांच्या बुडाशी जो पेला असतो तो काळपट तपकिरी, मखमलीचा, उलट्या दिशेने बोट फिरवलं तर रंग बदलणारा. त्यातून ती केशरी चोच बाहेर आलेली. झाडाखाली पडलेलीच फुलं गोळा करायची. पिशवीभर फुलं घरी आली की आई ती मोठ्या पातेल्यात उकळायची, रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी जुन्या पातळाच्या तुकड्यातून गाळायची. पिवळसर केशरी पाणी. त्यात बोटाच्या टोकावर मावेल एवढा खायचा चुना घातला की रंग बघता बघता गडद होऊन लालसर व्हायचा. आमच्या वाड्यात या रंगाला मुलं नावं ठेवायची, कारण दोन धुण्यांत तो जायचा. आम्हाला दुकानातला चंदेरी ऑइलपेंट हवा असायचा. तो आठवडाभर जायचा नाही.

पळसाला पाने तीनच, हे आपण उठता-बसता म्हणतो. पळसाचं पान शेवटचं कधी पाहिलं, असं स्वतःला विचारलं तर मात्र जरा अडायला होतं. पत्रावळी कागदाच्या झाल्या, तेव्हापासून ही म्हण हवेवरच जगतेय.

असो. मूळ गोष्ट या कॅलेंडरांची आहे.

आता आई-बाबा माझ्या घराजवळच, कोथरूडला राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या स्वयंपाकघराचं काम काढलं. जुनी फडताळं रिकामी केली तेव्हा डब्यांखाली अंथरलेले कागद निघाले, आणि ते सगळे कॅलेंडरचे. आमच्याकडे वर्ष संपलं की कॅलेंडरची दोनच ठिकाणं. गुळगुळीत पानं वह्यांना कव्हरं घालायला, उरलेली फळीवर. तेलाने पारदर्शक झालेली, हळदीचे गोल वळे उमटलेली ती पानं माझ्या लेकीने फरशीवर मांडली. मार्च 1986. फेब्रुवारी 1988. एप्रिल 1991. अर्धा मार्च 1993, उरलेला अर्धा कुठल्या तरी भूगोलाच्या वहीवर गेला असणार. सलग एकही वर्ष नाही.

आणि चौकटींत आईचं बारीक अक्षर. ‘1 लि.’, ‘खाडा’, ‘गॅ.’, ‘का.सा.’, ‘पां.’, ‘प.’, ‘ब.’

लेकीला यात गुप्त लिपी सापडल्यासारखं झालं. ‘गॅ.’ म्हणजे गॅस हे तिला पटकन लागलं. ‘प.’ वर आम्ही सगळे अडलो. फेब्रुवारीच्या 27 तारखेला ‘प.’, मार्चच्या 1 तारखेला पुन्हा ‘प.’. पळस दोनदा कसा फुलेल? आई म्हणाली, “अगं, एक तारखेचा प म्हणजे पगार.” ‘ब.’ चंही तसंच. एप्रिलातला ब बहाव्याचा, बाकी बारमाही ब बँकेचे.

बाबा खुशीत होते. त्यांनी लगेच हिशोब मांडायला घेतला. बहावा फुलला की 45 दिवसांनी पाऊस, असं जुनी माणसं सांगतात, ते ताडून बघायचं होतं. आईने पहिल्या मोठ्या पावसाचीही नोंद ठेवलेली असायची, पण जूनची पानं तीनच सापडली, आणि त्यांतल्या दोनच सालांचा एप्रिल हाताशी होता. एकदा उत्तर पन्नासच्या आत आलं, एकदा साठच्या पुढे गेलं. “म्हणजे बहावा चुकला का पाऊस?” लेकीने विचारलं. बाबा म्हणाले, “मी चुकलो असेन. मला त्या रस्त्याला ड्यूटी कधी लागली, त्यावर होतं ते.” नोंदवहीची इतकी प्रामाणिक चिकित्सा मी इतरत्र फारशी पाहिलेली नाही.

मग लेकीने आईला सहज विचारलं, “आजी, पांगारा कसा असतो गं?”

“लाल,” आई म्हणाली. मग बाबांकडे वळून, “लालच ना हो?”

मला आधी ते कळलंच नाही. आईची स्मृती जरा दगा देतेय की काय, असं वाटून गेलं. तसं नव्हतं. आईने पांगारा पाहिलाच नव्हता. पाहिला असेल तर हे तेच झाड, हे कोणी तिला दाखवलं नव्हतं. रविवारी साडेसहाला आम्ही निघायचो आणि नऊला परत यायचो तेव्हा पोहे तयार असायचे, कुकर झालेला असायचा, बादलीत कपडे भिजलेले असायचे. स्कूटरवर जागा तीनच माणसांची. चौथं माणूस घरी राहणार हे इतकं ठरलेलं होतं, की ते कधी ठरवावंही लागलं नाही. होळीला ती पुरणात, पाडव्याला श्रीखंडाच्या चक्क्यात. कडुनिंबाचा मोहोर ती दरवर्षी हातात घ्यायची, पण गूळ, जिरं, ओवा घालून वाटायला. पळस तिने पातेल्यात पाहिला होता. इतकी वर्षं फुलांची नोंद ज्या बाईने ठेवली, तिने त्यातलं जवळपास काही झाडावर बघितलेलं नव्हतं, आणि मी, जी त्या स्कूटरवर पुढे उभी होते आणि पुढे स्वतःच एका घराची पोहे करणारी झाले, तिच्या हे कधी डोक्यातही आलं नाही.

“मी काय, हे सांगायचे, मी लिहायचे,” आई म्हणाली आणि फळी पुसायला लागली.

तेव्हापासून आमच्या रविवार सकाळी पुन्हा सुरू झाल्या आहेत. आता गाडी आहे. बाबांचे दोन्ही गुडघे बदललेत, टेकडी बंद. पूर्वी वेताळ टेकडीवर ते रोज जायचे, आता पायथ्याशी गाडीत बसून वर गेलेल्या ओळखीच्यांची वाट बघतात. पण पुढच्या सीटवर कोण बसणार, यावर पहिल्याच फेरीला वाद झाला. गाडीत पुढची सीट बाबांची, हे अलिखित. लेक म्हणाली, काचेतून वरचं दिसतं ते पुढूनच, आजीला पुढे बसवा. बाबा मागे बसले, आणि मागून सूचना देत राहिले. “हळू घे. डावीकडे. डावीकडे म्हटलं मी, आलं गेलं झाड.”

पहिली फेरी अर्थातच ‘मागच्या चौकातल्या’ पांगाऱ्याची. आमच्या जुन्या पेठेतल्या घरामागचा तो चौक बाबांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. झाड नव्हतं. रस्तारुंदीत गेलं असणार, कधी ते पानवाल्यालाही सांगता येईना. त्या जागी सिग्नल आणि एक पत्र्याची चौकी. बाबा काच खाली करून बराच वेळ सिग्नलकडे बघत होते. दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजायला लागले. आई म्हणाली, “असू दे. इथे होता ना? बरं.”

माझं वैयक्तिक मत विचाराल तर एका झाडाच्या बदल्यात दुसरीकडे पाच लावू, हा हिशोब झाडांच्या बाबतीत लागू होत असेलही, चौकांच्या बाबतीत होत नाही. पण त्या दिवशी गाडीत यावर कोणी बोललं नाही. बाबा म्हणाले, “पाषाण रस्त्याला घे.”

तिथे एका सरकारी संस्थेच्या कुंपणातून बाहेर झुकलेला पांगारा सापडला. पान एक नाही. फांद्यांच्या टोकांना फुलांचे तुरे, आणि दोन साळुंक्या त्यात डोकं खुपसून बसलेल्या. आई उतरली. पदर डोक्यावर घेऊन वर बघत राहिली. बाबा मागच्या सीटवरून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, झाडाकडे नाही.

“हा लाल कुठाय?” आई म्हणाली. “शेंदरी आहे हा. मारुतीच्या शेंदरात जरा कुंकू मिसळावं तसा. मी आपलं जास्वंदासारखं धरून बसले होते इतकी वर्षं. एकेक फूल, लाल.” आणि मग बाबांना, “तुम्ही तुरा म्हणून कधी सांगितलंत?”

बाबांनी विचार केला. “नसेल सांगितलं,” म्हणाले.

त्या वर्षीपासून दर वसंतात आम्ही सात-आठ फेऱ्या मारतो. बाबांनी ‘खालून दिसणारी झाडं’ अशी यादीच केली आहे. गाडी उभी करता येते का, सावली कुठे, जवळपास स्वच्छतागृह आहे का, असे रकाने आहेत त्यात. सत्तरीपलीकडच्या दोन माणसांना घेऊन फुलं बघायची तर तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि आपल्या शहरात सगळ्यांत रिकामा. सावरीसाठी मुळशीच्या रस्त्याला जातो. बहाव्यासाठी कुठे जावं लागत नाही, एप्रिल संपता संपता एरंडवण्याच्या गल्ल्यांतून नुसती चक्कर मारली तरी भेटतो. शिरीष मात्र संध्याकाळी. अंधार पडायला लागला की त्याचा वास खाली उतरतो, फूल दिसलं नाही तरी चालतं.

लेकीचा आणि बाबांचा एक जुना झगडा आहे, तो गिरिपुष्पावरून. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या टेकड्यांवर जी फिकट गुलाबी झाडं दिसतात आणि ज्यांच्याखाली उभं राहून लोक जपानला गेल्यासारखे फोटो काढतात, ते म्हणजे ग्लिरिसिडिया, म्हणजेच गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी. मूळचं मध्य अमेरिकेतलं. भराभर वाढतं, फांदी रोवली तरी जगतं, म्हणून टेकड्या हिरव्या करायला लावलं. ते पसरलं आणि खालचं गवत, देशी झुडपं मागे पडली. बाबांना ते झाड म्हणजे घुसखोर वाटतं. “त्याचं बी-साल उंदीर मारायला वापरतात, आणि तुम्ही खाली डबे खाता,” असं ते म्हणतात. लेकीचं म्हणणं, झाडाने काय केलं, लावलं तर माणसांनीच, आणि दिसतं तर सुंदरच ना आजोबा? मुंबईहून माझी मावसबहीण विक्रोळीच्या हायवेवरच्या गुलाबी टॅबेबुयाचे फोटो पाठवते, तेव्हाही हेच भांडण दोन मिनिटांसाठी पुन्हा पेटतं. गुलमोहरावर मात्र बाबा गप्प बसतात, तो मादागास्करहून आलेला असला तरी. साताऱ्यात 1999 पासून 1 मेला गुलमोहर दिन साजरा करतात, माझी मावशी तिथे राहते, तिच्यापुढे गुलमोहराला परका म्हणायची त्यांची छाती नाही. शिवाय गुलमोहराच्या कळ्यांची नखं लावून ते स्वतः लहानपणी राक्षस व्हायचे.

मी दोघांच्या मधे आहे. मला गिरिपुष्प बघायला आवडतं आणि ते आवडल्याबद्दल जरा अपराधीही वाटतं.

आईला बहावा फार आवडेल असं आम्हाला वाटलं होतं. आवडला, पण आमच्या कल्पनेपेक्षा वेगळ्या कारणाने. हातभर लांब झुंबरं, वाऱ्याने हलली की पाकळ्यांची पखरण, हे सगळं तिने मान डोलावून पाहिलं. मग खाली पडलेलं एक फूल उचलून चष्म्याजवळ नेलं. “हे बघ,” मला म्हणाली, “यातल्या तीन काड्या लांब आहेत, वळलेल्या. बाकीच्या आखूड. आणि या तीन तर अगदीच बारीक, नावाला.” मी पाहिलं. दहा केसर, तीन तऱ्हेचे. इतकी वर्षं बहावा बघतेय, मी कधी मोजले नव्हते. आम्ही सगळे वर बघणारे. तिला आयुष्यभर निवडण्या-टिपण्याची सवय, ती हातातलं बघते. तांदळातला खडा दिसतो त्या नजरेला काड्यांतला फरकही दिसतो. गाडीच्या वायपरखाली अडकलेल्या पिवळ्या पाकळ्या आम्ही घरी येईपर्यंत तशाच राहू दिल्या.

या वर्षी 1 मेला सकाळी ताम्हण बघायला गेलो. लांब नाही, आमच्याच भागातल्या एका शाळेसमोर ओळीने पाच झाडं आहेत. ताम्हण आपलं राज्यपुष्प, आणि महाराष्ट्र दिनाच्या सुमारास ते भरात असतं, एवढी वक्तशीर गोष्ट सरकारी यादीत दुसरी नसेल. शाळेत झेंडावंदन चाललं होतं. कुंपणापलीकडे मुलं रांगेत उभी, अलीकडे जांभळी झाडं. आईने फूल हातात घेतलं. सहा पाकळ्या, कडा चुरगळलेल्या, देठाशी प्रत्येक पाकळी दोऱ्याएवढी बारीक. “इस्त्री राहिली आहे याची,” आई म्हणाली. बाबा मागच्या सीटवर मोठ्याने हसले. आत राज्यगीत सुरू झालं तसं ते दार उघडून, दाराला धरून, बदललेल्या गुडघ्यांवर उभे राहिले. आईही उभी राहिली, हातात ते फूल घेऊन.

घरी आल्यावर लेकीने कॅलेंडर पुढे केलं. गेली चार वर्षं नोंदी तीच करते, मोबाइलमध्ये, फोटो आणि ठिकाणासकट. पण आजीच्या अक्षरात एक ‘ता.’ हवं, असं तिच्या मनात होतं. पेन्सिल अजूनही दोरीला बांधलेली असते.

“लिही ना आजी. एकच. ताम्हण.”

आईने पेन्सिल घेतली. एक तारखेच्या चौकटीकडे बघितलं. “कशाला?” म्हणाली. “बघितलं की आता.”

आणि चौकटीत ‘खाडा’ लिहिलं, कारण सकाळी आम्ही घरी नव्हतो आणि दूधवाला परत गेला होता.